संगणकाची पदवी आणि तिची पहिली पायरी

दरवर्षीं बारावीचा निकाल लागतो त्याच सुमारास मृगाचीही चाहूल लागलेली असते. एकीकडे बियाणें, खतें आणि नांगरटीचीं देणीं यांची जुळवाजुळव चाललेली, आणि दुसरीकडे मुलास अगर मुलीस पुढें कोणत्या विद्येस घालावें याचा निर्णय आठ-पंधरा दिवसांत करावयाचा, अशा कात्रींत शेतकरी कुटुंब सांपडलेलें असतें. घाईनें होणारा हा निर्णय बहुधा शेजारच्या मुलानें काय केलें यावरूनच होतो. पुण्याजवळ हिंजवडीस संगणकाच्या कंपन्यांचीं मोठमोठीं कार्यालयें उभीं राहिल्यापासून तर 'मुलगा कॉम्प्युटरला घातला' हें वाक्य गांवोगांवीं विशेष अभिमानानें उच्चारलें जाऊं लागलें आहे. त्या अभिमानांत गैर कांहींच नाहीं. शेतकऱ्याच्या मुलानें नव्या विद्या शिकूं नयेत असें म्हणणारा मनुष्य आमच्या मतें शेतकऱ्याचा हितचिंतक नव्हे. परंतु ज्या विद्येंत आपण चार वर्षें आणि कित्येकदां अर्धी जमीन घालणार, तिची परीक्षा आधीं लहान प्रमाणावर कां पाहूं नये, एवढाच आमचा प्रश्न आहे. ती पाहण्याची सोय आज उपलब्ध असतां तिची माहिती फारच थोड्यांस आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची हकीकत सांगतों. नांव-गांव सांगण्याचें कारण नाहीं, कारण अशीं कुटुंबें प्रत्येक तालुक्यांत सांपडतील. मुलगा बारावीस बऱ्या गुणांनीं उत्तीर्ण झाला. मोबाईल हाताळण्यांत तो इतका वाकबगार कीं, गांवांतील वडील मंडळी आपापले पीकविम्याचे अर्ज त्याच्याकडूनच भरून घेत. तेवढ्यावरून सर्वांनीं ठरवून टाकलें कीं, हा मुलगा संगणकासाठींच जन्मला आहे. एका खाजगी महाविद्यालयांत संगणक-अभियांत्रिकीची जागा मिळाली, विहिरीखालचा सव्वा एकराचा तुकडा गहाण पडला, आणि पहिल्याच वर्षीं गणिताचे दोन व प्रोग्रॅमिंगचा एक असे तीन विषय राहिले. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मुलगा घरीं परत आला. तो आळशी नव्हता, व्यसनी तर मुळींच नव्हता. त्या विद्येंत प्रत्यक्ष काय शिकावें लागतें हें त्याला ठाऊक नव्हतें, त्याच्या वडिलांस नव्हतें, आणि प्रवेशाची घाई करणाऱ्यांस तें सांगण्याची गरज वाटली नव्हती. विहिरीवरचा पंप चालू-बंद करतां येणें निराळें आणि जळलेल्या मोटारीचें वाइंडिंग करतां येणें निराळें, हें शेतकऱ्यास कोणी सांगावें लागत नाहीं. मोबाईलच्या बाबतींत मात्र आपण हीच गोष्ट विसरतों. मुलगा आतां वडिलांबरोबर शेतांत राबतो. गहाणखत अद्याप सुटलेलें नाहीं.

सोयाबीनचें घरचें बी पेरावयाचें असलें म्हणजे आपण शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवतों आणि आठवड्यानें किती उगवले तें मोजतों. ७० अगर त्याहून अधिक उगवले तर बी पेरणीयोग्य समजतों. थोडे कमी पडले तर एकरीं बियाण्याचें प्रमाण वाढवितों. फारच कमी असले तर तें बी पेरण्याचा विचार सोडून देतों. या परीक्षेस खर्च येतो तो शंभर दाण्यांचा आणि आठ दिवसांचा. विद्येच्या बाबतींत अशीच परीक्षा घेणारा जो लहानसा पायाभूत अभ्यासक्रम असतो त्याचा विचार येथें करावयाचा आहे. लहान म्हणजे कांहीं आठवड्यांचा किंवा फार तर एखाद्या वर्षाचा. परंतु त्याची मुख्य खूण ही कीं, तो पुरा केल्यास त्याचें श्रेय पुढील पदवींत धरलें जातें, आणि पुढें जावयाचें नसल्यास हातीं एक मान्यतेचा दाखला राहतो.

ही कल्पना आजची नव्हे. इंग्लंडांत १९६९ सालीं मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली आणि १९७१ च्या आरंभीं तेथें शिकवणें सुरू झालें, तेव्हां प्रवेशासाठीं पूर्वीच्या कोणत्याही परीक्षेची अट ठेवण्यांत आली नव्हती. नोकरी-धंदा सांभाळून शिकूं इच्छिणाऱ्या कोणासही तेथें नांव घालतां येई. मात्र वरच्या विषयांकडे जाण्यापूर्वीं पायाभूत अभ्यासक्रम पुरा करावा लागे. दार सर्वांस उघडें, परंतु उंबरठा प्रत्येकानें आपल्या पायांनीं ओलांडावयाचा, असें तें धोरण होतें. आपल्याकडे १९८५ सालीं दिल्लीस इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ सालीं नाशिकास यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालें, तीं याच विचाराचीं फळें होत.

संगणक-विद्येपुरतें बोलावयाचें तर या धोरणाचें आम्हांस सर्वांत चोख वाटणारें उदाहरण म्हणजे मद्रासच्या आय. आय. टी. नें २०२० सालीं सुरू केलेला डेटा सायन्सचा, म्हणजे आंकडेवारीवरून निष्कर्ष काढण्याच्या शास्त्राचा, पदवी-अभ्यासक्रम. आय. आय. टी. म्हटलें कीं जेईई ही जीवघेणी स्पर्धा डोळ्यांपुढें येते. या अभ्यासक्रमास ती लागत नाहीं. बारावी कोणत्याही शाखेंतून उत्तीर्ण झालेला आणि दहावीस गणित व इंग्रजी शिकलेला कोणत्याही वयाचा मनुष्य अर्ज करूं शकतो. मात्र अर्ज केला कीं प्रवेश मिळाला असें येथें नाहीं. प्रथम चार आठवडे इंग्रजी, गणित, संख्याशास्त्र आणि संगणकीय विचारपद्धति या चार विषयांचे पाठ आंतरजालावरून शिकविले जातात. दर आठवड्यास स्वाध्याय सोडवून द्यावे लागतात, त्यांत किमान गुण मिळाले तरच परीक्षेस बसतां येतें, आणि ही परीक्षा घरीं बसून नव्हे, तर नेमलेल्या केंद्रावर जाऊन द्यावी लागते. ती उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पायाभूत टप्प्यांत येतो. या टप्प्यांत आठ विषय आहेत: गणिताचे दोन, संख्याशास्त्राचे दोन, इंग्रजीचे दोन, संगणकीय विचारपद्धति, आणि पायथॉन नांवाच्या संगणक-भाषेंत प्रोग्रॅम लिहिणें. वर्षाचीं तीन सत्रें असतात, आणि ज्या सत्रांत जितके विषय घ्यावे तितक्यांचीच फी भरावयाची असते. आठही विषय पुरे झाले म्हणजे पायाभूत प्रमाणपत्र. त्यापुढें पदविका, त्यापुढें बी. एस्सी. आणि अखेर चार वर्षांची बी. एस. अशा पायऱ्या आहेत. कोणत्याही पायरीवर थांबतां येतें आणि त्या पायरीचा दाखला हातीं पडतो. अनुसूचित जाति-जमातींच्या, दिव्यांग आणि अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांस फींत ७५ टक्क्यांपर्यंत सूट मिळूं शकते, हेंही ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

'संगणकीय विचारपद्धति' हें नांव वाचून आमचे कित्येक वाचक बिचकतील, म्हणून तिचा थोडा खुलासा करतों. या विषयाच्या आरंभीं संगणक जवळजवळ लागतच नाहीं. दुकानांतील बिलें, विद्यार्थ्यांचे गुण अशा चिठ्ठ्यांचा गठ्ठा समोर कल्पून, एकेक चिठ्ठी उचलीत, विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर कसें काढावें हें त्यांत शिकवितात. आपल्या घरचेंच उदाहरण घ्या. वर्षभर बाजार समितींत माल घातल्यावर तारेला अडकविलेल्या शंभर पट्ट्या आपल्यापाशीं जमतात. प्रत्येकीवर तारीख, वजन, भाव, हमाली, तोलाई आणि हातीं पडलेली रक्कम. प्रश्न असा कीं, सर्वांत चढा भाव कोणत्या दिवशीं मिळाला? आपल्यांतील पुष्कळजण सगळ्या पट्ट्या घोंगडीवर पसरून बसतील आणि डोळ्यांस जो आंकडा मोठा दिसेल तो सांगतील. रीतीनें काम करणारा मनुष्य पहिली पट्टी उचलून तिचा भाव आणि तारीख कागदावर लिहील. दुसरीचा भाव अधिक असेल तरच जुना आंकडा खोडून नवा लिहील. आणि गठ्ठा संपेपर्यंत दुसरें कांहींही मनांत ठेवणार नाहीं. शेवटीं कागदावर जें उरेल तें उत्तर. पट्ट्या शंभर असोत कीं एक लाख असोत, रीत बदलत नाहीं.

आतां याहून अवघड प्रश्न घेऊं. एकाच दिवशीं, एकाच प्रतीच्या मालास, दोन निराळ्या आडत्यांकडे निराळा भाव मिळाला असें किती वेळां झालें? येथें प्रत्येक पट्टी उरलेल्या सर्वांशीं ताडून पाहूं गेलें तर शंभर पट्ट्यांच्या ४,९५० जोड्या होतात. हुशार विद्यार्थी आधीं पट्ट्या तारखेवार लावून घेईल, म्हणजे त्याला फक्त त्या त्या दिवसाच्या पट्ट्या आपसांत ताडाव्या लागतील, आणि दिवसभराचें काम घटकाभरांत आटोपेल. काम कसें वांचवावें याचा हा विचार म्हणजेच त्या विद्येचा गाभा होय. यंत्रास समजेल अशा भाषेंत तो लिहून काढणें हा त्यापुढील भाग. ज्या मुलास अशा कोड्यांत रस वाटतो, उत्तर चुकलें तर पुन्हां बसून चूक हुडकण्याचा कंटाळा येत नाहीं, त्याला खुशाल पुढें जाऊं द्यावें. ज्याला पहिल्या दहा पट्ट्यांतच जांभई येते, त्याच्यासाठीं कोणत्याही महाविद्यालयांत कितीही लाख भरले तरी ती जांभई जाणार नाहीं. हें चार आठवड्यांत कळलें तर त्यांत त्या मुलाचा कमीपणा कांहींच नाहीं. त्याची बुद्धि दुसऱ्या कामासाठीं आहे एवढेंच ठरलें.

गणिताची गोष्ट याहून नाजूक आहे. पायाभूत टप्प्यांतील पहिल्या गणितांत सरळ रेषा, वर्गसमीकरणें, बहुपदी, फलनें, लॉगरिदम अशीं प्रकरणें येतात. विज्ञान शाखेच्या मुलास तीं ओळखीचीं असतात; कला शाखेंतून आलेल्या मुलीची दहावीनंतर त्यांच्याशीं भेटच झालेली नसते. परंतु गंजलेलें गणित चार-सहा महिने रोज तासभर घासलें तर उजळतें, असा आमच्या मास्तरकीच्या दिवसांतला अनुभव आहे. इंग्रजीचें तसें नाहीं, निदान इतक्या लवकर नाहीं. हे पाठ इंग्रजींतून असतात, आणि मराठी शाळेंत शिकलेल्या मुलाच्या पहिले आठ-पंधरा दिवस तें सारें कानांवरून निघून जातें. त्यास उपाय एकच: पाठ थांबवीत थांबवीत ऐकावा, अडलेले शब्द वहींत उतरून घ्यावे, आणि तोच पाठ दुसऱ्या दिवशीं पुन्हां ऐकावा. वर्गांत मास्तरांस 'पुन्हां सांगा' म्हणण्याची लाज वाटते. यंत्रास कितीही वेळां सांगावयास लावलें तरी तें रागावत नाहीं. संकोची स्वभावाच्या मुलामुलींस तर ही मोठीच सोय आहे. ही विद्या पदवीपर्यंत मराठींतून शिकतां यावी हें आमचें मागणें आम्ही सोडलेलें नाहीं. तथापि तें पुरें होईपर्यंत मुलांस थांबवून धरणें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं.

ज्यांस हा मार्ग दूरचा वाटतो त्यांनीं जवळच्या महाविद्यालयाकडे पाहावें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें पदवीचें पहिलें वर्ष हीच एक स्वतंत्र पायरी केली आहे. पहिल्या वर्षाचे श्रेयांक मिळवून आणि त्यास जोडून चार श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यास पुरा करून जो बाहेर पडेल त्याला प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी, अशी ती योजना आहे. बाहेर पडलेल्यास तीन वर्षांच्या आंत परत येतां येतें, आणि सर्व मिळून सात वर्षांत पदवी पुरी करावी लागते. मिळविलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या नांवें जमा राहावेत म्हणून २०२१ सालीं श्रेयांकांची एक राष्ट्रीय पेढीही निघाली आहे. पतपेढींतील ठेवीप्रमाणें ही ठेव मागाहून उपयोगास येते. मात्र नियम छापलेला असणें आणि महाविद्यालयाच्या कचेरींतून दाखला वेळेवर हातीं पडणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, यास्तव प्रवेशाच्या वेळींच त्याची चौकशी करून ठेवावी. दहावीनंतर तंत्रनिकेतनांत तीन वर्षांची पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास थेट जाण्याचा रस्ता जुना व पक्का आहे. तो लहान नव्हे, म्हणून त्याचा येथें विस्तार करीत नाहीं.

आतां जी गोष्ट बोलावयास कांहींशी कडू आहे तिच्याकडे वळतों. तालुक्याच्या गांवीं हल्लीं 'तीन महिन्यांत सॉफ्टवेअर इंजिनियर' अशा पाट्या दिसूं लागल्या आहेत. अशाच एका क्लासनें आमच्या ओळखीच्या मुलीकडून पंचेचाळीस हजार रुपये घेऊन तिला सोनेरी शिक्क्याचा 'डिप्लोमा' दिला. पदवीच्या प्रवेशास तिनें तो पुढें केला, तेव्हां कारकुनानें तो उलटसुलट पाहिला आणि कांहीं न बोलतां परत दिला. तिच्या वडिलांनीं ते पैसे दोन शेळ्या आणि आईच्या पाटल्या विकून उभे केले होते. अशा कागदाशीं एम. एस-सी. आय. टी. ची बरोबरी करणें मात्र अन्यायाचें होईल. २००१ सालीं सुरू झालेला तो अभ्यासक्रम संगणक हाताळण्याचें प्राथमिक ज्ञान मराठींतून देतो, आणि सरकारी नोकरींत त्याचा उपयोग आहे. परंतु ती साक्षरता झाली. अक्षरओळख झालेल्या मुलानें मी साहित्याच्या पदवीचा पाया घातला असें समजूं नये, तसेंच हें आहे.

म्हणून कोठेंही फी भरण्यापूर्वीं बापानें निःसंकोच विचारावें कीं, याचे श्रेयांक कोणत्या विद्यापीठाच्या कोणत्या पदवींत धरले जातात, आणि तें लेखी द्याल काय? परीक्षा कोण घेतें, कोठें घेतें, तिजवर देखरेख कोणाची? गणित आणि प्रोग्रॅमिंग किती, कीं नुसतें टंकलेखन व तक्ते भरणें? घरबसल्या शिकविणाऱ्या विद्यापीठांस मान्यता आहे कीं नाहीं हें विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादींत पाहतां येतें. मान्यता असलेल्या संस्थेची दूरस्थ पदवी नेहमींच्या पदवीच्या तोडीची समजावी, असें आयोगानें २०२२ सालीं स्पष्ट केलें आहे. तेव्हां 'घरीं बसून मिळालेली पदवी कोण विचारतो' या आक्षेपांत आतां फारसा दम उरलेला नाहीं.

एवढें करूनही नोकरीची हमी काय, असें कोणी म्हणतील. हमी नाहीं. या नोकऱ्यांचा बाजार कांद्याच्या बाजारासारखा आहे. गेल्या सालीं भाव चढला म्हणून यंदा सगळ्यांनीं लागण करावी, आणि माल निघावयाच्या वेळीं चाळींत जागा पुरूं नये, हा अनुभव आपल्यास नवा नाहीं. चार वर्षांनीं काय भाव असेल हें आज सांगणारा मनुष्य ज्योतिषी तरी असावा किंवा प्रवेशाचा दलाल तरी. शिवाय साधे प्रोग्रॅम आतां यंत्रेंच लिहूं लागलीं आहेत. तेव्हां ज्याचा पाया कच्चा त्याची अडचण वाढणार हें उघड आहे. पायरीपायरीनें पैसा घालणाऱ्यास निदान मध्येंच थांबून विचार करतां येतो. जमीन गहाण टाकून चार वर्षांची उडी घेणाऱ्यास तें करतां येत नाहीं. मूल शेतीपासून तुटेल अशीही भीति कांहींजण बोलून दाखवितात. पायाभूत अभ्यासक्रमाचें वर्ष तरी तें घरींच असतें, पेरणी-काढणीस हाताशीं असतें. आणि २०२१ पासून पिकाची नोंद मोबाईलवरून करण्याची ई-पीक पाहणी आपल्या बांधावर आलीच आहे. तेव्हां या विद्येचा जाणता मनुष्य गांवांत असणें ही आतां चैन राहिलेली नाहीं.

खरी अडचण निराळीच आहे. मोबाईलवर पाठ ऐकतां येतात, परंतु प्रोग्रॅम लिहून तपासून पाहणें मोबाईलवर करूं जाणें म्हणजे खुरप्यानें नांगरट करणें होय. संगणक पाहिजे, आणि तो प्रत्येक घरीं असणार नाहीं. आपल्या संस्थेच्या खत-गोदामालगतची खोली हंगामाबाहेर आठ महिने कुलपांत असते. तेथें जुने परंतु चालू स्थितींतले तीन-चार संगणक, आंतरजालाची जोडणी आणि वीज गेल्यास तासभर पुरेल असा इन्व्हर्टर ठेवला, तर सभासदांचीं दहा-बारा मुलें पाळीपाळीनें अभ्यास करूं शकतील. किल्ली चिटणीसांकडे न ठेवतां एखाद्या निवृत्त शिक्षकाकडे असावी, आणि दुपारची वेळ मुलींसाठीं राखून ठेवावी. हा ठराव आम्ही यंदाच्या वार्षिक सभेपुढें मांडणार आहोंत. परीक्षेच्या केंद्रासाठीं शहरास जाण्या-येण्याचें भाडें संस्थेनें द्यावें कीं नाहीं याविषयीं सभेंत मतभेद होतील. आमचें मत द्यावें असें आहे, आणि मुलीबरोबर जो वडीलधारा जाईल त्याचेंही द्यावें.